अठरा मिनिटांचा खून

साहेब, नाट्यगृहाचे दिवे गेले तुमच्या हुकमाने, आणि खुलासा मागताय तो यज्ञेश्वर मोहोळकरांकडे! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की मोहोळकर संन्यासी नाहीत. ते ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहेत. पोरांनी फोडलेल्या काचनळ्यांचा हिशेब ठेवून ठेवून त्यांची सहनशक्ती केव्हाच संपली आहे.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही कात्रण फ्रेम करून केबिनमध्ये लावाल. पण तुम्ही कोण ते तुम्हाला कळतंय, आणि सोलापुरात ज्याने एकदा तरी त्या नाट्यगृहाच्या तारखेसाठी अर्ज केलाय त्यालाही कळतंय. तुमची नोटीस मिळाली. 'आपल्या लेखातील शेवटच्या वाक्याचा रोख नेमका कोणाकडे आहे, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' मोहोळकरांच्या वतीने आम्ही करतो की! पण खुलासा हवा असेल तर सगळा ऐका. पूर्ण बसून काही बघायची किंवा ऐकायची तुम्हाला सवय नाही, ते आम्हाला माहीत आहे. त्या विषयाकडे येतोच.

मोहोळकर गेली एकोणीस वर्षं पेपरला पत्रं लिहितात. त्यांतलं सगळ्यात लांब छापून आलेलं पत्र अकरा ओळींचं, तेही पाणी चार दिवसांआड का येतं यावर. खरं तर त्यांचा जीव सिनेमा-नाटकात. बघितलेल्या प्रत्येक कलाकृतीवर ते अभिप्राय लिहून पाठवतात आणि पेपर तो प्रत्येक वेळी मनापासून हरवतो. अशा माणसाला मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बेचाळीस डिग्री उन्हात, रविवार पुरवणी सांभाळणाऱ्या वैदेहीचा फोन आला.

"काका, आमचे नेहमीचे समीक्षक मुलीकडं बंगळूरला गेलेत. एक सिनेमा, एक नाटक, मिळून सहाशे शब्द. गुरुवारी चारच्या आत हवंय. जमलं तर दर रविवारचं सदर तुमचं."

मोहोळकर खुर्चीतून उठून उभे राहिले. फोनवर बोलणाऱ्या बाईला ते दिसणार नव्हतं, पण प्रसंगच तसा होता.

"आणि काका, दोन्हींचा शेवट पटला का नाही ते नक्की लिहा. वाचक तेवढंच वाचतात. पण शेवट काय, ते फोडायचं नाही."

फोन ठेवल्यावर त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर सदराची सात नावं लिहिली. त्यांतल्या पाचांत 'घंटा' हा शब्द होता. पत्नी रुक्मिणीबाईंनी पान बघितलं आणि म्हणाल्या, "आधी लेख होऊ द्या, मग बारसं करा."

मंगळवारी तीनच्या खेळाला मोहोळकर, रुक्मिणीबाई आणि शेजारचे बसलिंगप्पा असे तिघं निघाले. बसलिंगप्पांना कोणी बोलावलं नव्हतं. समीक्षकाला पास मिळतो आणि पासावर शेजारी चालतो, अशी त्यांची समजूत होती. खिडकीवर ती दूर झाली आणि ते मध्यंतरापर्यंत घुश्शात राहिले.

सिनेमाचं नाव घेत नाही. उगाच जाहिरात होईल. गुन्हेपट होता. घाटातला बंगला, सात पाहुणे, धो धो पाऊस, आणि विहिरीत मालकाचं प्रेत. तपासाला आलेला इन्स्पेक्टर रात्रीसुद्धा काळा चष्मा लावतो. तो एकेका खोलीत शिरतो, बॅटरी मारतो, दचकतो. दिवा लावत नाही! मोहोळकरांनी हे लगेच टिपलं: 'पोलीस खात्याला बटण माहीत नाही काय?' बसलिंगप्पांनी टिपून ठेवण्याची वाट बघितली नाही. ते पडद्याकडे बघून म्हणाले, "अय्यो, बटण दाराजवळच असतंय की रे, बघ की!" आख्ख्या बाल्कनीला ते पटलं. त्यानंतर इन्स्पेक्टर दारात आला की पन्नास माणसं एका सुरात "बटण!" म्हणायला लागली. आमच्या मते सिनेमातला सगळ्यात चांगला संवाद तोच.

बाकी सिनेमा वाईट नव्हता. पाहुण्यांत एक डॉक्टर होता, एक आचारी होता, मालकाची भाची होती. प्रत्येकाकडे खुनाचं कारण होतं आणि एकाकडेही छत्री नव्हती. मोहोळकर अंधारात भराभरा लिहीत होते. लिहिताना ओळ बदलायची राहिली, त्यामुळे दोन तासांचं सगळं निरीक्षण एकाच ओळीवर एकावर एक बसलं. घरी जाऊन बघितलं तेव्हा ते हृदयाच्या ठोक्यांच्या कागदासारखं दिसत होतं. पण ते नंतर.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या थिएटरचा वाहनतळ रावजी सांभाळतो. रावजी मूळचा माळशिरसकडचा. त्याची पद्धत अशी: हॅण्डल लॉक करायचं नाही. गाड्या तो डब्यात भाकऱ्या रचाव्यात तशा एकीला एक चिकटवून रचतो आणि हव्या तशा ओढतो. त्यामुळे मागची गाडी पुढची हलल्याशिवाय निघत नाही. आणि त्यामुळे सोलापुरातला शहाणा माणूस सिनेमा संपायच्या दहा मिनिटं आधी उठतो. इथे टायटलच्या वेळी घुसतात आणि क्लायमॅक्सच्या वेळी निघतात. शेवट बघायला बसणारा माणूस एक तर परगावचा असतो किंवा चालत आलेला.

मोहोळकर मात्र गुन्हेपट बघायला निघाले होते, सावध होते. त्यांनी स्कूटीचं हॅण्डल लॉक केलं होतं.

पडद्यावर इन्स्पेक्टरने सातही पाहुण्यांना दिवाणखान्यात बसवलं. चष्मा काढला. पहिल्यांदाच. "आता मी सांगतो," तो म्हणाला, "त्या रात्री विहिरीजवळ कोण होतं." आणि बाल्कनीचं दार धाडकन उघडलं.

"एमएच तेरा, शेहेचाळीस नव्वद! स्कूटी कुणाची हाय? लॉक लावलंय! मागं नऊ गाड्या अडकल्यात!"

"रावजी, अकरा मिनिटं राहिलीत रे!" मोहोळकर कळवळून म्हणाले.

"आवं सायेब, अकरा मिन्टांनी भायेर जत्रा आसंल जत्रा. उटा की!"

मागून नऊ गाड्यांचे नऊ मालक ओरडले, "उठा की काका!" एक समीक्षक, ज्याच्यावर पेपरने विश्वास टाकला होता, तो चोरासारखा खाली मान घालून जिना उतरला. लॉक निघेना. उन्हाने लॉक तापून किल्लीलाही चटका बसत होता, ती रुक्मिणीबाईंच्या पदरात धरून फिरवावी लागली. गाडी हलली तेव्हा आतून लोक बाहेर येत होते. म्हणजे तीन कॉलेजची पोरं आणि एक झोपलेला माणूस. पोरं फोनमध्ये बघत होती. मोहोळकरांनी विचारलं, "खून कोणी केला?"

"काय की काका. आम्ही रील बघत होतो."

मग नऊ गाड्यांवरच्या नऊ जणांना विचारलं. सगळ्यांना पक्कं माहीत होतं. कोणी म्हणालं डॉक्टर, कोणी म्हणालं भाची. एका गृहस्थाने शपथेवर सांगितलं की मालक मेलेलाच नाही. बसलिंगप्पा ठामपणे म्हणाले, "आचारी. मला इंटरवलच्या आधीच कळालं."

"कशावरून?"

"तोंड बघितला नाही काय त्याचा? आमच्या मुलीच्या लग्नात असाच एक आचारी होता. अडीचशे माणसांचं बुंदी कुठं गेलं, अजून कळालं नाही मला."

दुसऱ्या आठवड्यातला सिनेमा. एवढं मोठं शहर. आणि खून कोणी केला हे एकालाही माहीत नाही!

"आचारी लिहून टाका," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "नाहीतरी शेवट फोडायचा नाहीये."

"पण पटला का ते लिहायचंय! न बघितलेला शेवट कसा पटणार?"

"लग्न ठरवताना बघितला होता का शेवट? पटवून घेतलाच ना?"

या वाक्यावर मोहोळकरांनी स्कूटी सुरू केली.

बुधवारी नाटक. साहेब, आता तुमचा प्रवेश.

नाटक हौशी मंडळींचं. दिग्दर्शक मल्हार, सूतगिरणीत सुपरवायझर. मुख्य भूमिकेत संगमेश, दिवसा विजेच्या दुकानात पंखे विकणारा. दहा महिने एका शाळेच्या गच्चीवर तालमी. तारीख मिळवायला मल्हारने तुमच्या कचेरीत केलेल्या फेऱ्या इथे मोजत नाही. एवढंच सांगतो की तुमच्या शिपायाला नाटकातले दोन प्रवेश पाठ झाले होते. अट एकच: हॉल सहा ते साडेनऊ. साडेनऊला मुख्य बटण बंद.

साडेनऊपर्यंत नाटक आरामात बसत होतं. पण नाटकाआधी उद्घाटन होतं. आणि उद्घाटक होतात तुम्ही.

तुम्ही आलात सहा पस्तीसला. समई पेटेना, पंखा बंद केला तेव्हा पेटली आणि पाहुणे विझायला लागले. मग सत्कार. सोलापुरात सत्कार म्हणजे चादर. जानेवारीत ठीक आहे, साहेब. मेमध्ये माणसाच्या खांद्यावर दीड किलोची चादर पांघरायची, वर हार घालायचा आणि "सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत" म्हणायचं, ही शिक्षा कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. एकवीस सत्कार झाले. शाळेच्या गच्चीची किल्ली देणाऱ्या मावशी पार्वतम्मा चादर घेऊन तिथल्या तिथे मल्हारला म्हणाल्या, "बाबा, त्यापेक्षा गच्चीचा नळ दुरुस्त कर की."

बाविसावं नाव आलं. "ज्येष्ठ नाट्यसमीक्षक, माननीय यज्ञेश्वरजी मोहोळकर!"

मोहोळकरांनी मागे वळून बघितलं. मागे कोणी ज्येष्ठ नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं. मल्हारला लेखाची कुणकुण लागली होती.

"समीक्षेच्या आधीच चादर?" रुक्मिणीबाई कुजबुजल्या.

"हा रंगभूमीचा मान आहे," मोहोळकर म्हणाले आणि तरातरा निघाले.

त्यांच्या भाषणाबद्दल फार लिहीत नाही. आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. पण एकोणीस वर्षं अकरा ओळींवर दाबून ठेवलेला माणूस माइकसमोर आला की काय होतं, ते तुम्ही समजू शकता. ग्रीक रंगभूमी आली, तिसरी घंटा आली, लहानपणी अक्कलकोटच्या यात्रेत बघितलेलं कानडी नाटक आलं, त्यातलं पद आलं, आणि ते पद त्यांनी चालीवर म्हणून दाखवलं. रुक्मिणीबाई मोबाइलवर चित्रण करत होत्या. त्यांचा हात दुखायला लागला तेव्हा त्यांनी तो बसलिंगप्पांच्या खांद्यावर टेकवला.

मग तुम्ही बोललात. नाटक ही काळाची गरज आहे, असं तुम्ही चार वेळा म्हणालात. आणि पडदा वर जायच्या आत दुसरा कार्यक्रम आहे म्हणून निघून गेलात. काळाची गरज तुमच्या पाठीमागे सात चाळीसला सुरू झाली.

नाटक साधं होतं. तीन भाऊ, घर सोडून गेलेल्या बापाची रिकामी आरामखुर्ची आणि एक जुना काळा फोन. पहिल्या अंकात फोन वाजतो, कोणी उचलत नाही. दुसऱ्यात वाजतो, धाकटा उचलतो, राँग नंबर. मधे पुष्कळ भांडाभांडी, तीही चांगली. सोलापूरच्या घरात भावकी जशी भांडते तशी, म्हणजे मुद्दा सोडून. मधला भाऊ संवाद विसरला तेव्हा त्याने तांब्याभर पाणी प्यायलं, आणि पाणी संपल्यावर संवाद आठवला. मोहोळकरांनी या वेळी प्रत्येक वाक्याला नवं पान घेतलं. मग तिसऱ्या अंकात, घर विकायचं ठरल्यावर, रिकाम्या खोलीत फोन पुन्हा वाजला. संगमेश उठला. हा पंखे विकणारा माणूस त्या फोनपर्यंत असा चालत गेला की बसलिंगप्पांनी तोंडातली सुपारी चावायची थांबवली. त्याने रिसीव्हर उचलला.

"हॅलो," तो म्हणाला. "बाबा?"

आणि अंधार.

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बास! लोक उभे राहिले. "काय शेवट केलाय!" "अंधारच उत्तर आहे!" मोहोळकरांच्या मागचे एक प्राध्यापक डोळे पुसत म्हणाले, "आधुनिक! पूर्ण आधुनिक!" मोहोळकरांच्या अंगावरही काटा आला. 'शेवट शंभर टक्के पटला,' असं ते अंदाजाने वहीत लिहायला लागले.

"लाइट गेली," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"अगं, तो परिणाम आहे."

"परिणाम असता तर पंखे कशाला बंद पडले असते?"

मोहोळकरांनी मोबाइलच्या उजेडात वर बघितलं. पंखे शेवटचे दोन फेरे घेऊन थांबत होते. दाराची लाल अक्षरंही विझली होती. घड्याळात साडेनऊ.

ते धडपडत विंगेत गेले. मोबाइलच्या उजेडात मल्हार पायरीवर बसला होता. संगमेश अजून रंगमंचावर रिसीव्हर कानाला लावून उभा.

"मल्हार, पुढं काय होतं?"

"पुढं अठरा मिनिटं होती, काका." मल्हार म्हणाला. "संगमेश एकटा बोलतो बापाशी. फोनवर. त्या अठरा मिनिटांसाठी तर नाटक बसवलंय. बाकी सगळं तिथं पोहोचायला."

"मग सांग लोकांना!"

तेवढ्यात प्राध्यापक आले. त्यांनी मल्हारचा हात दोन्ही हातांत घेतला. "जिंकलंस! बाप काय म्हणाला हे न सांगणं, वा!" मल्हारने त्यांच्याकडे बघितलं, मग अंधाराकडे. "थँक यू सर," तो म्हणाला. ते गेल्यावर त्याने मोहोळकरांचा हात धरला. "काका, पाया पडतो. हाच शेवट होता असं लिहा. लाइट घालवली लिहिलंत तर साहेब पुन्हा तारीख देणार नाहीत."

रंगमंचावरून संगमेश एवढंच म्हणाला, "माझं बोलणं राहिलं की हो."

मोहोळकर घरी आले ते पेटून. तुमच्यावर लिहायचं ठरवून, साहेब. 'एका नाटकाचा खून' असं शीर्षकही ठरलं. सकाळी पुरावा गोळा करताना त्यांनी रुक्मिणीबाईंच्या मोबाइलवरचं चित्रण उघडलं. आधी स्वतःचं भाषण बघितलं. कोणीही बघेल. पाचव्या मिनिटाला ते खूश होते. नवव्या मिनिटाला, पद सुरू झालं तेव्हा, जरा अवघडले. चित्रण संपलं तेव्हा खालचे आकडे चौदा मिनिटं दाखवत होते.

अठरातून चौदा गेले.

प्रयोगशाळेत ज्याने आयुष्यभर थेंब मोजलेत त्याला वजाबाकी समजावून सांगावी लागत नाही. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. चहा गार झाला. खुंटीवर ती चादर होती, लाल-काळी, मोराची.

"साहेब पण सव्वीस मिनिटं बोलले," रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या.

"हो. त्यांचंच लिहितो."

पण लिहिता येईना. सिनेमाचं तरी आधी पूर्ण करू म्हणून ते बाराच्या खेळाला निघाले. गुरुवार, सिनेमाचा शेवटचा दिवस. खिडकीवर एकटेच. मॅनेजर म्हणाला, "आठ माणसं झाली तरच लावतो. त्याखाली परवडत नाही."

आठ! आणि तो पाण्याचा दिवस होता. सोलापुरात पाण्याच्या दिवशी माणूस सख्ख्या भावाच्या लग्नाला जात नाही, सिनेमाला कोण येतंय? मोहोळकरांनी गल्लीत दारोदार हाका मारल्या. "पाणी आल्याशिवाय हलत नाही," एक बाई म्हणाल्या. "गेल्या खेपेला मोहोळला गेले आणि पाच दिवस शेजाऱ्यांच्या बादल्या मागितल्या." बसलिंगप्पा म्हणाले, "येन री, काय हो, आचारी आहे म्हणून सांगितलं की मी!" शेवटी गल्लीच्या टाक्यांवर लक्ष ठेवायला रुक्मिणीबाई मागे थांबल्या. पाच घरांचे पाच नळ एका बाईने सांभाळले. इतिहासात हेही लिहून ठेवायला हवं. बसलिंगप्पा, त्यांची सून, दोन विद्यार्थी, शेजारचं जोडपं. मोहोळकर धरून सात.

"आठवा?" मॅनेजर.

मोहोळकरांनी इकडेतिकडे बघितलं. मोकळ्या वाहनतळात रावजी सावलीला बसला होता.

"रावजी, चल आत."

"मी? मी न्हाय बा. गाड्या कोन बगंल?"

"चार गाड्या आहेत. कोणीही लॉक लावलेलं नाही."

रावजी उठला, चप्पल दाराशी काढायला लागला. "चौदा वर्सं झाली हितं," तो म्हणाला, "मी एका बी पिच्चरचा शेवट बगितला न्हाय. शेवटाला माजी भायेर घाई आसती."

आठ माणसांनी सिनेमा बघितला. "बटण!" सगळ्यांनी इमानाने म्हटलं. इन्स्पेक्टरने चष्मा काढला आणि, साहेब, विश्वास ठेवा, सातही जण सवयीने उठून उभे राहिले! बाहेर चारच गाड्या, आणि रावजीसकट सगळे दाराकडे! मोहोळकर खुर्चीवर चढले आणि ओरडले, "खाली बसा! तुम्हाला कोणाची गाडी आडवी येत नाहीये! आयुष्यात एकदा शेवट बघा!"

सगळे बसले.

खुनी कोण, ते आम्ही फोडणार नाही. आचारी नव्हता, बसलिंगप्पा ते अजून मान्य करत नाहीत. पण एवढं सांगतो: इन्स्पेक्टरने चुकीच्याच माणसाचं नाव घेतलं. बेड्या त्याच्या हातात पडल्या. खरा खुनी सुटला होता. जिन्यात उभं राहून बघायचं आणि घरी जायचं, एवढंच बाकी होतं. आणि तो स्वतः पुढे आला. "थांबा," म्हणाला, "मी केलंय." मग त्याने भिंतीवरचं बटण दाबलं आणि पूर्ण सिनेमात पहिल्यांदा दिवा लागला.

रावजी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. "आसं आसतंय व्हय शेवट," तो म्हणाला. "मंग लोकं भायेर का पळत्यात?"

मोहोळकर बाहेर आले आणि वाहनतळातच, स्कूटीच्या सीटवर वही ठेवून लिहायला बसले. रावजीने त्यांच्यावर छत्री धरली. सिनेमाचा शेवट पटला, असं त्यांनी लिहिलं. नाटकाचा शेवट आम्ही बघितलाच नाही, असं लिहिलं. टाळ्या मिळाल्या त्या बंद पडलेल्या पंख्यांना. आणि मग शेवटचं वाक्य. चार वाजायला पाच मिनिटं असताना लेख वैदेहीच्या टेबलावर होता.

रविवारी पहाटे पेपर आला. वर मोहोळकरांचं नाव, ठळक. त्यांनी ते तीनदा वाचलं. मग खाली आले. शेवटची ओळ होती: 'या अठरा मिनिटांचा खरा खुनी दुसरा तिसरा कोणी नसून'. आणि त्याखाली चौकट: उन्हाळी सेल, दोन चादरींवर एक टॉवेल मोफत.

"काका, जाहिरात ऐनवेळी आली," वैदेही फोनवर रडवेली झाली होती. "आणि आमच्याकडं खालूनच कापतात."

दहा वाजेपर्यंत गावाने कापलेलं वाक्य पुरं केलं. प्राध्यापकांच्या मते खुनी म्हणजे प्रेक्षक. मल्हारच्या मते साहेब, आणि म्हणून मल्हारने घराचं दार लावून घेतलं. बसलिंगप्पा म्हणाले आचारी. दूधवाला, मेडिकलवाला, कॉलेजचे प्राचार्य, जो तो विचारत होता, "मोहोळकर, कोण?" वाहनतळात ज्याने एका खुन्याचं नाव नऊ जणांना विचारलं, त्यालाच आता सगळं गाव विचारत होतं. आणि या वेळी उत्तर त्यांना ठाऊक होतं. ते तोंडाने कसं सांगायचं, एवढंच ठाऊक नव्हतं.

सोमवारी तुमची नोटीस आली. कोणाचाही रोख स्वतःकडे असणार हे तुम्हीच ओळखलंत, याबद्दल तुमचं कौतुक. पाठोपाठ वैदेहीचा फोन. "काका, साहेबांनी संपादकांना फोन केलाय. खुलासा जरा गोड द्या. 'रोख कोणाकडेही नाही' एवढं लिहिलंत तरी सदर चालू. नाहीतर..."

"नाहीतर अकरा ओळी," मोहोळकर म्हणाले.

रुक्मिणीबाईंनी वहीचं ते पहिलं पान बघितलं, सात नावांचं. "सातवं बरं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला रात्री झोप लागणार आहे का, ते बघा आणि लिहा."

तेव्हा हा खुलासा. मोहोळकरांनी सांगितला, आम्ही लिहिला, खाली सही त्यांची. रोख कोणाकडे? घ्या पूर्ण वाक्य: 'या अठरा मिनिटांचा खरा खुनी दुसरा तिसरा कोणी नसून, चौदा मिनिटं भाषण ठोकणारा प्रस्तुत लेखकच आहे.' जाहिरातीखाली हे होतं. चादर मल्हारला परत केली. त्याने ती घेतली नाही, म्हणून ती पार्वतम्मांकडे आहे आणि गच्चीच्या गळक्या नळाखाली अंथरली आहे. सदर गेलं तर जाऊ दे. मोहोळकरांनी बटण दाबलं, दिवा लावला, आणि उजेडात उभे आहेत.

पण चौदा म्हणजे अठरा नव्हेत, साहेब. उरलेली चार कोणाची? सव्वीस मिनिटं बोलून, नाटक न बघता जो निघून गेला, आणि ज्याच्या हुकमाने साडेनऊला संगमेशच्या तोंडचा शब्द तुटला, त्याने ती चार मिनिटं कुठे ठेवली आहेत? ते तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तरी चालेल. त्यापेक्षा सोपं विचारतो.

हॉल रिकामा असेल अशा कुठल्याही संध्याकाळी आम्ही येऊ. पाण्याचा दिवस तेवढा सोडून. उद्घाटन नको, समई नको, हार नको, चादर नको, दोन शब्द नकोत. मोहोळकर तोंडात सुपारी धरून बसतील. संगमेश फोनपाशी उभा राहील आणि "बाबा?"च्या पुढून सुरू करेल. रावजी शेवटच्या रांगेत बसून बघणार आहे. गाड्या त्या दिवशी ज्याच्या त्याने काढायच्या आहेत. तुम्हीही या, खुर्ची ठेवतो, पण एकदा बसलात की उठायचं नाही. फक्त अठरा मिनिटं दिवे चालू राहू द्यायचे.

राहू देणार आहात का? हो की नाही, तेवढंच, लेखी, तीन दिवसांत कळवा.